विद्यापीठं एआयसाठी वेगळी इमारत का बांधतात?

एआय म्हणजे शेवटी सॉफ्टवेअर. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की ते कुठूनही लिहिता येतं, कुठूनही चालवता येतं. मग त्यासाठी विद्यापीठांनी मजल्यांवर मजले का चढवावेत? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला सहसा धड उत्तर मिळत नाही. उद्घाटनाच्या बातमीत चौरस फूट असतात, देणगीचा आकडा असतो, काचेच्या दर्शनी भागाचा फोटो असतो. आत रोज काय चालणार आणि त्यासाठी नेमकी कशी जागा लागते, हे मात्र कुठेच नसतं.

गेल्या काही वर्षांत अशा इमारतींची रांगच लागली आहे. बोस्टन विद्यापीठाची कम्प्युटिंग आणि डेटा सायन्सची १९ मजली इमारत २०२२च्या अखेरीस उघडली. एमआयटीच्या श्वार्झमन कॉलेज ऑफ कम्प्युटिंगची आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ डेटा सायन्सची इमारत २०२४मध्ये सुरू झाली. स्टॅनफर्डची ‘कोडा’ आणि विस्कॉन्सिन-मॅडिसनचा मॉर्ग्रिज हॉल २०२५मध्ये. अबुधाबीत तर २०१९मध्ये फक्त एआयला वाहिलेलं विद्यापीठच स्थापन झालं.

या इमारतींचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतात त्या लुकलुकणाऱ्या यंत्रांच्या रांगा. मला हे चित्र उलटं वाटतं. एआयच्या इमारतीत अवजड यंत्रं जितकी कमी तितकं बरं. इमारत लागते ती एकमेकांच्या जवळ बसण्याची गरज असलेल्या माणसांना, आणि बाहेर जाऊ देता येत नाही अशा डेटाला. हे पटवायचं तर सुरुवात यंत्रांपासूनच करायला हवी, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

दोन चिप ते सोळा हजार चिप

२०१२ साली टोरांटो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन या तिघांनी चित्रं ओळखणारं एक मॉडेल तयार केलं, ‘अ‍ॅलेक्सनेट’. जवळपास १२ लाख चित्रं त्याला दाखवली होती. आजच्या एआय लाटेची सुरुवात बरेच जण तिथूनच मोजतात. या कामासाठी वापरले होते फक्त दोन जीपीयू, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांसाठी बनवलेल्या चिप, तेही व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी बाजारात मिळणारे. यंत्र ठेवलेलं होतं क्रिझेव्स्कीच्या घरी, त्याच्या खोलीत. मॉडेल शिकायला पाच-सहा दिवस लागले.

जीपीयूच का? न्यूरल नेटवर्कचं काम वरून गूढ दिसलं तरी आत ते गुणाकार आणि बेरजा आहेत. चित्राचे आधी आकडे होतात. मॉडेलमध्ये कोट्यवधी आकडे असतात, त्यांना पॅरामीटर म्हणतात. अ‍ॅलेक्सनेटमध्ये ते सुमारे ६ कोटी होते. चित्राच्या आकड्यांना या पॅरामीटरनी गुणायचं, बेरीज करायची, उत्तर काय आलं ते बघायचं, खऱ्या उत्तरापासून ते किती लांब आहे ते मोजायचं आणि त्या फरकानुसार प्रत्येक पॅरामीटर किंचित हलवायचा. मग पुढचं चित्र. हे लाखो वेळा. साध्या संगणकाच्या सीपीयूमध्ये मोजकीच पण कोणतंही काम करू शकणारी गणनाकेंद्रं असतात. जीपीयूमध्ये हजारो साधी गणनाकेंद्रं असतात आणि ती सगळी एकाच वेळी एकाच प्रकारची क्रिया वेगवेगळ्या आकड्यांवर करतात. गुणाकार-बेरजेच्या या डोंगराला दुसरा प्रकारच लागतो.

पुढे वेग फार वाढला. २०१७मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली. आजची जवळजवळ सगळी मोठी भाषा-मॉडेलं तिच्यावर उभी आहेत. त्या वेळचं मोठं मॉडेल आठ जीपीयूंवर साडेतीन दिवसांत तयार झालं होतं. २०२४मध्ये मेटाने आपलं ४०५ अब्ज पॅरामीटरचं लामा मॉडेल शिकवलं तेव्हा १६,०००पेक्षा जास्त एच-१०० जीपीयू एकत्र चालवावे लागले.

हा आकडा बघितला की एक गोष्ट स्पष्ट होते. सगळ्यात मोठं मॉडेल बनवण्याच्या शर्यतीत कोणतंही विद्यापीठ एका इमारतीच्या जोरावर उतरू शकत नाही, आणि उतरायची गरजही नाही. विद्यापीठाचं काम वेगळं आहे: मॉडेल कुठे आणि का चुकतं हे शोधणं, थोड्या डेटावर काम भागवणं, तेच काम लहान मॉडेलकडून करून घेणं, वैद्यक, शेती, हवामान, भाषा, कायदा यांतल्या खऱ्या प्रश्नांवर ते तपासून बघणं. कंपनीला यातल्या बऱ्याच गोष्टींत रस नसतो, कारण त्यांतून लगेच विकण्यासारखं काही निघत नाही. म्हणूनच त्या विद्यापीठात व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

वीज आत जाते, उष्णता बाहेर येते

आता त्या यंत्रांच्या खोलीत जाऊ. एका एच-१०० चिपला पूर्ण ताकदीने चालताना ७०० वॅटपर्यंत वीज लागते. अशा आठ चिप एका पेटीत बसवून ती सर्व्हर म्हणून विकली जाते. पेटीचं वजन सुमारे १३० किलो, आणि तिला लागणारी वीज जास्तीत जास्त १०.२ किलोवॅट. म्हणजे कपड्यांच्या दहा इस्त्र्या एका कपाटाच्या खणात कोंबून, सगळ्या चालू ठेवून, त्या दिवसरात्र तशाच चालवायच्या.

आणि इथे भौतिकशास्त्र कोणालाही सूट देत नाही. चिपमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. दहा किलोवॅट आत गेले तर दहा किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढावीच लागते. नाही काढली तर काही मिनिटांत तापमान इतकं चढतं की यंत्रं स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतात आणि मग बंद पडतात.

सर्व्हर ज्या उभ्या सांगाड्यात रचतात त्याला रॅक म्हणतात. विद्यापीठांतल्या जुन्या सर्व्हर रूम रॅकमागे पाच-दहा किलोवॅट धरून बांधलेल्या असतात. वरच्या चार पेट्या एका रॅकमध्ये ठेवल्या की ४० किलोवॅट झाले. शिवाय वजन अर्ध्या टनाच्या वर, तेही एवढ्याशा जागेवर. म्हणजे जमिनीची ताकदही वेगळी हवी.

अशा खोलीत उभं राहिलं तर सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. प्रत्येक पेटीतले पंखे हवा खेचत असतात, आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तिथे रोज काम करणारे कानांवर संरक्षक लावतात. रॅकच्या रांगा समोरासमोर तोंड करून लावलेल्या असतात. दोन रांगांच्या तोंडांमधल्या बोळात थंड हवा सोडतात. सर्व्हर ती पुढून ओढतात आणि गरम करून मागे फेकतात. मागच्या बोळात गेलं की तोंडावर गरम झोत येतो. थंड आणि गरम बोळ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून टोकांना दारं किंवा जाड पडदे लावलेले असतात. एवढी साधी दक्षता घेतली नाही तर गार केलेली हवा गरम हवेत मिसळून वाया जाते आणि विजेचं बिल उगाच वाढतं.

पण हवेलाही मर्यादा आहे. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून नव्या यंत्रांत चिपच्या पाठीवरच धातूची पट्टी बसवून तिच्यातून पाणी खेळवतात. २०२४मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूंच्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. तो नुसत्या हवेवर चालवणं शक्यच नाही. द्रव फिरवावाच लागतो. म्हणजे इमारतीत नळ हवेत, पंप हवेत, गळती ओळखणारे सेन्सर हवेत, आणि छतावर किंवा बाहेर उष्णता सोडायला जागा हवी. त्याखेरीज विजेचा वेगळा ट्रान्सफॉर्मर, वीज गेल्यावर पहिली काही मिनिटं सांभाळणारी यूपीएस, नंतरसाठी जनरेटर, आणि आग लागलीच तर ती पाण्याऐवजी वायूने विझवणारी यंत्रणा.

हे सगळं वर्गांच्या आणि ग्रंथालयाच्या शेजारी, शहरातल्या महागड्या जागेवर उभारायचं का? बऱ्याच शहाण्या विद्यापीठांनी याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं आहे.

यंत्रं दीडशे किलोमीटरवर

बोस्टन विद्यापीठाची ती १९ मजली इमारत याचं उत्तम उदाहरण आहे. एकावर एक सरकवून ठेवलेल्या ठोकळ्यांसारखी ती दिसते, त्यामुळे तिचे फोटो खूप फिरले. पण तिच्यातली मोलाची गोष्ट फोटोत दिसत नाही, ती जमिनीखाली आहे. इमारतीसाठी ३१ विंधनं खणली आहेत, प्रत्येक १,५०० फूट, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर खोल. एवढ्या खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता पाण्यामार्फत खाली सोडायची, हिवाळ्यात खालून वर आणायची. हे काम हीट पंप करतात. इमारतीला नैसर्गिक वायूची जोडणीच दिलेली नाही.

आता गंमत बघा. या विद्यापीठाचे संशोधक ज्या मोठ्या संगणकांवर काम करतात ते या इमारतीत नाहीतच. ते आहेत होल्योक नावाच्या एका जुन्या गिरणगावात, बोस्टनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. हार्वर्ड, एमआयटी, बोस्टन विद्यापीठ, नॉर्थईस्टर्न आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ अशा पाच संस्थांनी मिळून तिथे एक सामाईक संगणक केंद्र उभारलं. ते २०१२मध्ये सुरू झालं. होल्योकच का? गिरण्यांच्या काळापासून तिथे नदीचे कालवे आहेत, जलविद्युत आहे, मोकळी जागा आहे.

अंतराने काही बिघडतं का? प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. दीडशे किलोमीटर जायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. जाऊन-येऊन दीड धरा. केबल जरा वळणावळणाने गेली तरी बोस्टनमध्ये कळ दाबणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्र शेजारच्या खोलीत आहे की दुसऱ्या गावात, हे कळतसुद्धा नाही. अंतर जपावं लागतं ते एकाच कामावर राबणाऱ्या जीपीयूंच्या आपापसात. ते एकमेकांना सेकंदात कितीतरी वेळा आकडे पाठवत असतात, म्हणून ते एकाच सभागृहात, आखूड केबलींनी जोडलेले हवेत. माणूस आणि यंत्र यांच्यात दीडशे किलोमीटर चालतात. यंत्र आणि यंत्र यांच्यात दीडशे मीटरसुद्धा पुष्कळ होतात.

यंत्रं वेगळी ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की त्यांच्या उष्णतेचा उपयोग करता येतो. फिनलंडमधल्या कायानी शहरातला ‘लुमी’ हा महासंगणक आपली उष्णता शहराच्या सामाईक गरम पाण्याच्या जाळ्यात सोडतो. शहराच्या त्या गरजेचा पाचव्या हिश्शापर्यंतचा भाग त्यातून भागावा अशी त्याची आखणी आहे. विद्यापीठाच्या मधोमध, एखाद्या तळघरात कोंडलेल्या यंत्रांकडून असं काही करून घेणं फार अवघड जातं.

इमारतीत मग कोणती यंत्रं ठेवायची? जी हाताळायची आहेत ती. रोबोट, ड्रोन, कॅमेरे, सेन्सर. रोबोटच्या प्रयोगशाळेला उंच छत लागतं, चौफेर कॅमेरे लागतात, पडलं-आपटलं तरी चालेल अशी जमीन लागते. शिकवण्यासाठी एखादा छोटा सर्व्हरही असावा, कारण यंत्र उघडून बघितल्याशिवाय काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीत.

रांगेतला विद्यार्थी

या मोठ्या यंत्रांचा वापर प्रत्यक्षात कसा होतो, ते एका कामाच्या अंगाने बघू. समजा, एका विद्यार्थिनीला ७ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल वैद्यकीय अहवालांसाठी आणखी शिकवायचं आहे. प्रत्येक पॅरामीटर साठवायला दोन बाइट धरले तर नुसतं मॉडेल स्मृतीत चढवायलाच १४ जीबी लागतात. पण शिकवताना प्रत्येक पॅरामीटरसोबत तो किती आणि कोणत्या दिशेने हलवायचा याची नोंद, आधीच्या हालचालींचा सरासरी हिशेब आणि पॅरामीटरची जास्त अचूक प्रत असं बरंच काही सांभाळावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत हे सगळं धरून एका पॅरामीटरमागे १६ बाइट होतात. ७ अब्ज गुणिले १६, म्हणजे ११२ जीबी. एका एच-१०० चिपची स्मृती ८० जीबी. मॉडेल मावत नाही. पडद्यावर ‘आउट ऑफ मेमरी’ उमटतं आणि काम थांबतं. एआय शिकणाऱ्या प्रत्येकाची या ओळीशी लवकरच ओळख होते.

आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, काम अनेक जीपीयूंवर वाटायचं. दुसरी, सगळे पॅरामीटर न हलवता मूळ मॉडेल आहे तसं ठेवायचं आणि त्याला छोटे जोड लावून फक्त तेच शिकवायचे. २०२१मध्ये मांडलेली ‘लोरा’ नावाची पद्धत हेच करते, आणि तिच्यामुळे पुष्कळ कामं एका चिपवर येऊन बसली. यंत्राची टंचाई ही अशी कधी कधी चांगल्या संशोधनाची आई ठरते.

मार्ग ठरला की विद्यार्थिनी एक छोटी फाइल लिहिते: किती जीपीयू हवेत, किती स्मृती हवी, किती तास लागतील. ती फाइल रांगेत जाते. रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर कोणी गेल्या काही दिवसांत किती वापर केला ते बघून क्रम ठरवतं. जास्त तास मागितले तर नंबर उशिरा लागतो, कमी मागितले आणि काम अपुरं राहिलं तर वेळ संपताच यंत्र ते तोडून टाकतं. म्हणून शहाणा विद्यार्थी मध्येमध्ये मॉडेलची स्थिती साठवून ठेवतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

हे सगळं सुरळीत चालवणारी माणसं मात्र कुठल्याच बातमीत नसतात. रांगेचे नियम ठरवणारे, रात्री बंद पडलेला सर्व्हर उठवणारे, प्राध्यापकाचा अर्धवट प्रोग्रॅम शंभर जीपीयूंवर चालेल असा करून देणारे. यंत्राला देणगीदार मिळतो, त्याच्यावर नावाची पाटी लागते. या माणसांच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. खेद वाटतो तो याचा, कारण ती नसतील तर कोट्यवधींची यंत्रं अर्धा वेळ रिकामी फिरतात.

कुलूप असलेली खोली

इमारत खरोखर लागते अशी एक जागा म्हणजे सुरक्षित डेटाची खोली. ती का लागते, हे समजायला एक जुनी हकिगत पुरेशी आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते. त्या वेळी एमआयटीत शिकत असलेल्या लटान्या स्वीनी हिने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्या शहरात राहत होते. त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण यादीत निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. दवाखान्याच्या नोंदींतही जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होताच. गव्हर्नरांचे आजार आणि औषधं उघडी पडली. पुढे स्वीनीने १९९०च्या जनगणनेवरून दाखवलं की फक्त या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील.

नाव पुसलं म्हणजे माणूस लपला, हा समज त्या दिवशी मोडला. आता आरोग्य, शिक्षण, कर, गुन्हे असा डेटा देणाऱ्या संस्था विद्यापीठाला अट घालतात: डेटा एका ठरावीक जागेतून बाहेर जाणार नाही. मग अशी खोली बांधावी लागते. दाराशी कार्ड, आत मोबाइल नाही, पेनड्राइव्ह नाही, संगणकाला इंटरनेट नाही. संशोधक आपला प्रोग्रॅम आत आणतो, डेटावर चालवतो आणि निकाल बाहेर न्यायची परवानगी मागतो. निकालाचा तक्ता एक तपासनीस बघतो. एखाद्या चौकटीत ‘३’ असा आकडा असेल, म्हणजे त्या वयाचे, त्या गावातले, त्या आजाराचे तीनच रुग्ण, तर ती चौकट झाकली जाते, कारण तिघांना ओळखणं गावाला कठीण नसतं.

या खोलीत चमकदार काही नसतं. खिडकीही बहुधा नसते. पण अनोळखी माणसांनी आपल्या आयुष्याच्या नोंदी ज्यांच्या भरवशावर सोपवल्या, त्यांनी तो भरवसा कसा पाळला हे इथेच दिसतं. मला विचाराल तर इमारतीतली सगळ्यात महत्त्वाची खोली हीच.

कोण कोणाच्या शेजारी बसतं

२०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाला. प्रथिनांची त्रिमितीय रचना सांगणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ मॉडेलसाठी. एआयचा हा मोठा विजय होता, यात वाद नाही. पण हे मॉडेल शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँक नावाच्या सार्वजनिक संग्रहातल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवर. हा संग्रह १९७१मध्ये सुरू झाला. त्यातली एकेक रचना शोधायला कोणा प्रयोगशाळेने महिने, कधी वर्षं घालवली आहेत. पन्नास वर्षं जगभरच्या संशोधकांनी आपला निकाल एकाच ठरलेल्या स्वरूपात, सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून पुढे एआयला शिकायला काही मिळालं.

म्हणूनच एआयच्या इमारतीत फक्त संगणकशास्त्राची माणसं बसवणं ही मोठी चूक आहे असं मी म्हणेन. डेटा कसा गोळा झाला, त्यात कोणाची नोंद सुटली, कोणता आकडा यंत्राच्या बिघाडाने आला, हे त्या विषयातल्या माणसालाच ठाऊक असतं. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी १९६२मध्येच लिहिलं होतं की डेटाचं विश्लेषण हे गणिती संख्याशास्त्राहून व्यापक, स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला आता कुठे स्वतःची जागा मिळते आहे.

जवळ बसल्याने फरक पडतो का, याचा अभ्यास झालेला आहे. एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांच्या आपसांतल्या बोलण्याच्या नोंदी केल्या. अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे माणसं जवळजवळ बोलतच नाहीत, असं त्यांना दिसलं. पण याचा अर्थ सगळ्या भिंती पाडाव्यात असाही नाही. २०१८मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी मोकळ्या, बिनभिंतींच्या कार्यालयात गेलेल्या कर्मचाऱ्यांचं निरीक्षण केलं. समोरासमोरचं बोलणं वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं, आणि ई-मेल वाढले. सगळ्यांच्या नजरेखाली बसलेला माणूस कानाला हेडफोन लावून मान खाली घालतो. त्यामुळे चांगल्या इमारतीत दार बंद करून विचार करता येईल अशा खोल्याही हव्यात आणि जिथून सगळ्यांना जावंच लागतं असे जिने आणि तिथेच उभं राहून लिहायचे फळेही हवेत.

एमआयटीतली ‘बिल्डिंग २०’ या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. १९४३मध्ये रडारच्या संशोधनासाठी घाईघाईत बांधलेली लाकडी, तात्पुरती इमारत. युद्ध संपलं की पाडायची होती; पाडली १९९८मध्ये. मधल्या पन्नासेक वर्षांत तिथे अणुविज्ञान, ध्वनिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि भाषाशास्त्र शेजारी-शेजारी नांदले. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींचं कामही तिथलंच. ती कोणालाच फार मोलाची वाटत नव्हती, त्यामुळे प्रयोगाला भिंत आडवी आली तर माणसं ती सरळ काढून टाकत. तिच्या जागी २००४मध्ये फ्रँक गेरींनी आखलेलं स्टाटा सेंटर उभं राहिलं. तिथे संगणक आणि एआयची प्रयोगशाळा आहे, आणि भाषाशास्त्राचा विभागही.

वर्गांचा विचारही याच अंगाने करायला हवा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१५ पासून ‘डेटा ८’ नावाचा प्राथमिक अभ्यासक्रम चालतो. त्याला प्रोग्रॅमिंग येण्याची पूर्वअट नाही. इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी तो घेऊ शकतो. अशा वर्गांना मोठं सभागृह लागतंच, पण त्याहून जास्त लागतात छोट्या खोल्या, जिथे पंधरा-वीस जणांमध्ये बसून पहिल्यांदा कोड लिहिणाऱ्याला बिचकत विचारता येतं.

दहा वर्षांनी काय?

इमारत पन्नास वर्षं टिकते, चिप पाचेक वर्षांत मागे पडते. २०१६ची पी-१०० चिप ३०० वॅट घेत होती, २०२२ची एच-१०० ७०० घेते. २०१६चा अंदाज धरून बांधलेली सर्व्हर रूम आज कपाटांची खोली म्हणून वापरावी लागत असेल तर नवल नाही. म्हणून आखणी करताना यंत्रांपेक्षा त्यांच्या वाटांची काळजी घ्यावी लागते: जास्तीच्या केबलींसाठी रिकामे मार्ग, वाढीव विजेसाठी जागा, पाण्याचे नळ पुढे नेता येतील अशी तोंडं, हलवता येतील अशा भिंती.

आणि चालवण्याचा खर्च. दहा किलोवॅटची एक पेटी वर्षभर चालली तर ८७,६०० युनिट वीज खाते. अशा दहा पेट्या म्हणजे ८ लाख ७६ हजार युनिट, आणि थंड करण्याची वीज त्यावर वेगळी. यंत्रांना लागणाऱ्या विजेच्या मानाने एकूण वीज किती लागते, हे मोजायला पीयूई नावाचा आकडा वापरतात. तो १.१ असेल तर शंभर युनिटांमागे दहाच जादा गेले. जुन्या, नीट न आखलेल्या खोल्यांत तो दीडच्याही वर जातो.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या विद्यापीठाने अशी इमारत जाहीर केली तर देणगीच्या आकड्याआधी थोडे प्रश्न विचारा. यंत्रं इथेच ठेवणार की सामाईक केंद्रात? पीयूई किती धरला आहे? सहाव्या वर्षीचं वीजबिल आणि नवी यंत्रं कोणत्या खात्यातून येणार? यंत्रं सांभाळणाऱ्यांची किती पदं कायम स्वरूपाची आहेत? सुरक्षित डेटाच्या खोलीची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे? आणि जीवशास्त्राच्या, कायद्याच्या, भाषेच्या विद्यार्थ्याच्या कार्डाने दार उघडतं का, रात्री दहा वाजतासुद्धा?